मेंगसुलूचा तीळ

हे तुम्ही मानणार नाही. मानूच नका. मानलंत तर मला तुमच्या अकलेची काळजी वाटेल. पण मांस शिजायला अजून वेळ आहे, चहा गरम आहे आणि बाहेर वारा असा सुटलाय की कुणी उठून घरी जाणार नाही. तेव्हा ऐकून घ्या.

सरकारी शेताच्या गोठ्यात दोसान उभा होता. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत एका तांबड्या गायीच्या आत होता, आणि डाव्या हातातल्या कापूस गुंडाळलेल्या काडीने तो डायरेक्टरसाहेबांच्या मानेवरची चामखीळ जाळत होता. दोन्ही कामं एकाच वेळी. गाय शांत होती. डायरेक्टर हंबरत होते.

"हळू! हळू रे, आईशप्पथ!"

"साहेब, हलू नका. तुम्ही हललात तर ती हलेल, आणि ती हलली तर माझा हात मोडेल."

"मग आधी तिचं उरक की!"

"ती माजावर आलीय, साहेब. तिला उशीर चालत नाही. तुमची चामखीळ काय, उद्याही असेल."

तर हा दोसान. नाव आपलं म्हणायला. गोष्टीपायी कुणाची हाडं दुखायला नकोत. त्याचा धंदा गायी भरवण्याचा. दूरच्या शहरातल्या नामांकित वळूंचं बीज बारीक कांड्यांमधून यायचं, आणि त्या कांड्या एका जाडजूड भांड्यात नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेल्या असायच्या. नायट्रोजन म्हणजे धुरासारखं उकळणारं पाणी, पण थंड. इतकं थंड, की एकदा एक चिमणी वाकून आत बघायला गेली आणि काचेची होऊन पडली. ती चिमणी डायरेक्टरांच्या बायकोने कपाटात शोभेला ठेवली होती. वसंतात वितळली आणि उडून गेली.

"उडाली?" अस्खातने विचारलं. अस्खात म्हणजे या घरचा जावई, ट्रक चालवतो, आणि तोंडात घास असतानाही त्याला बोलायला जमतं.

उडाली. जाताना कपाटाच्या काचेवर शिटून गेली. पुढे ऐक.

त्या भांड्याची एक खोड होती. झाकण कितीही घट्ट लावा, आतलं द्रव्य आपलं आपण उडून जायचं. म्हणून दोसान ठरावीक दिवसांनी ते आपल्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसवायचा, पट्ट्याने बांधायचा, वरून स्वतःचा कोट घालायचा आणि जिल्ह्याच्या केंद्रावर जाऊन भरून आणायचा. साइडकारमध्ये माणूस बसलेला कधी कुणी पाहिला नाही. पोरं ओरडायची, "दोसानकाका, काकूला थंडी वाजत नाही का?" भांडं कोरडं पडलं तर कांड्या मरतात. कांड्या मेल्या तर सरकारी वळू मारल्याचा गुन्हा. दोसानच्या आधीचा माणूस त्यापायीच तुरुंगात गेला होता आणि तिथेच संपला. त्यामुळे दोसान रात्री उठून भांड्याला हात लावून बघायचा, तान्ह्या पोराचा ताप बघावा तसा.

पोर म्हणायचं तर पंचक्रोशीतली सगळी वासरं त्याचीच. लोकही तसंच म्हणायचे. "या, या, आमच्या कालवडीचे नवरदेव!" पण त्याचा हात कुणी हातात घेत नसे. आपल्याकडे माणूस भेटला की दोन्ही हातांनी हात धरायचा. दोसान आला की लोक मूठ मिटून मनगट पुढे करायचे. त्याने हात साबणाने धुतलेले असोत, राखेने घासलेले असोत, मनगटच. चहाचं वाडगं त्याला वेगळं, काठ फुटलेलं. आणि मुलगी कोण देणार? एकदा एका विधवेकडे कुणी विषय काढला, तर ती म्हणाली, "माझ्याआधी त्याच्या किती झाल्या हे गोठ्यात जाऊन मोजा." हा विनोद शेतावर इतका चालला, की विधवा दुसरीकडे लग्न करून गेली तरी विनोद मागे राहिला.

चामखिळींचं प्रकरण अपघाताने सुरू झालं. दोसानच्या स्वतःच्या बोटाच्या पेरावर एक होती, फुलकोबीसारखी. कांडी काढताना द्रव्याचा थेंब नेमका तिच्यावर पडला. ती पांढरी झाली, मग फोड आला, मग काळी खपली, आणि एका सकाळी ती आपोआप गळून गोठ्यात पडली. तिथे ती एका कोंबडीने खाल्ली. त्यानंतर ती कोंबडी पुटकुळ्यांची अंडी घालू लागली. कुणी मानत नाही, पण अंडी उकडली की गुळगुळीत व्हायची.

मग लोक यायला लागले. समोरून नाही, गोठ्याच्या मागच्या दाराने. एका मेंढपाळाच्या हनुवटीखाली लोंबती चामखीळ होती; पाऊस यायच्या आधी तिला खाज सुटायची. ती गेली आणि त्या वर्षी सगळ्या शेताचं गवत भिजलं. हजामाकडून दाढी करून घेणाऱ्यांच्या गालांवर तर चपट्या चामखिळींच्या रांगाच असायच्या, वस्तरा जसा फिरला तशा. दवाखान्यातली कुलाश त्यांना सांगायची, "वस्तरा बदला, एकाचं दुसऱ्याला लागतंय." लोक म्हणायचे, "कुलाशची जीभ बदला आधी." जीभ होतीच तिची तशी. पण दोसानला ती आवडायची, कारण ती त्याचा हात हातात घ्यायची, आणि चांगला जोरात दाबायची.

दोसानची एक पद्धत होती. आधी तो अंगठ्याने चाचपून बघायचा. खरखरीत आहे का? आत खसखशीसारखे काळे ठिपके आहेत का? नंतर उगवलेली आहे का? मग ती चामखीळ. काडी बुडवायची, टेकवायची, आणि मनात सावकाश एक बिस्मिल्ला म्हणायचा. चेहऱ्यावर अर्धाच. मानेवरची कातडी पातळ, तिथेही जपून. पापणीवर अजिबात नाही. तिथे घोड्याचा केस बांधायचा आणि ती सुकून गळायची वाट बघायची. पण मऊ, सपाट, जन्मापासूनचा डाग असेल तर दोसान हात मागे घ्यायचा.

"हा तुमचा आहे," म्हणायचा. "बाकीचे पाहुणे. पाहुण्यांना हाकलता येतं, घरमालकाला नाही."

गोठ्यात ज्यांच्या गालाला तो बोट लावायचा, तेच लोक दुकानासमोर भेटले की मनगट पुढे करायचे. गुळगुळीत गालाने हसत.

दाराशी बसलेल्या म्हातारबाबांना जरा चहा घाला रे कुणीतरी. त्यांचं वाडगं केव्हाचं रिकामं आहे. लांबून आलेत, तोंडाने मागायचे नाहीत.

हां. तर जामाल नावाची धार काढणाऱ्या बायकांची मुकादम होती. नवरा नव्हता, एकच मुलगी. ती जन्मली तेव्हाच कानामागे, मानेवर तीळ घेऊन आली, म्हणून आजीने नाव ठेवलं मेंगसुलू; मेंग म्हणजे तीळच. तीळ घेऊन आलेलं पोर नशीबवान, आणि ते नशीब कुणी चोरू नये म्हणून नावातच बांधून ठेवायचं, असं आपल्या म्हाताऱ्या मानतात. नशीब बांधलेलं राहिलं. कुणालाच सोडवता आलं नाही.

ती वयात आली आणि तिच्या हनुवटीवर एक चामखीळ उगवली. मग जबड्यावर. मग गळाभर, जणू कुणी मूठभर बाजरी फेकून मारली. गोठ्यातल्या बायका तिला आपल्या पेल्यातून पाणी पिऊ देईनात. तिच्या हातचं ताक कुणी घेईना. कुणीतरी म्हणालं, तिच्यामुळे गायींच्या सडांना मस येतात. झालं, तिला शेण ओढायला लावलं. पोरं तिला बेडकी म्हणायची. ती वाकून चालायला लागली की मागून एक पोर टुणकन उडी मारायचं, आणि मोठी माणसं तोंडावर बाही धरून हसायची.

ऐन थंडीत जामाल तिला शालीत गुंडाळून दोसानकडे घेऊन आली.

"होईल का काही?"

दोसानने शाल बाजूला केली, अंगठा फिरवला. "होईल. पण एकदम नाही. थोडं थोडं. एवढ्या सगळ्या एकाच दिवशी जाळल्या तर पोर तापेल."

"ताप येऊ दे. चेहरा तेवढा परत येऊ दे."

त्या हिवाळ्यात ती गोठ्यात येत राहिली. जामालला काम असायचं, ती तिला सोडून जायची. दोसान काडी टेकवायचा, धूर निघायचा, मुलगी डोळे मिटून बसायची.

"दुखतं का गं?"

"गायीला विचारलंस कधी?"

"गाय लाथ मारते. मग कळतं."

"मग माझी लाथ राहिली म्हण." आणि ती खरंच त्याच्या बुटावर हलकेच पाय मारायची.

एकदा तिने केस वर धरले आणि कानामागे बोट ठेवलं. "आणि हा? हा नाही काढत?"

"तो तुझा आहे."

"सगळेच माझे आहेत. एवढे दुसऱ्या कुणाच्या तोंडावर आहेत का?"

"बाकीचे पाहुणे, अगं. हा घरमालक. याला हाकललंस तर मी तुला हाक काय मारू?"

ती हसली. तिचं हसणं दोसानने पहिल्यांदा पाहिलं, कारण गालावरचं पीक आता विरळ झालं होतं. त्या रात्री तो भांड्याचा ताप बघायला उठलाच नाही, असं म्हणतात. मी म्हणतो, उठला असेल, पण भांड्यापाशी बसून दुसराच कसला तरी विचार करत राहिला असेल.

बर्फ वितळलं आणि मेंगसुलूचा चेहरा सायीसारखा निघाला. शेतावरची माणसं थबकून बघायला लागली. ज्या पोराने बेडूकउडी मारली होती त्याचा मोठा भाऊ केस विंचरून गोठ्यासमोर फिरायला लागला.

दोसानने हात धुतले. खूप वेळ धुतले. मग कुलाशकडे गेला.

"ताई, माझं कुणी नाही. तू जाशील का जामालकाकूंकडे?"

कुलाशने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. "वयाने तिच्या बापासारखा दिसतोस."

"दिसतो. आहे थोडा कमी."

"आणि वास?"

"तो आहे."

"बरं," ती म्हणाली. "पिठाच्या गोळ्यांचे बावरसाक तळते. रिकाम्या हाताने गेलं तर म्हणतील भीक मागायला आली."

ती गरम बावरसाकची पिशवी घेऊन जामालच्या दारात पोचली, आणि दारात परक्यांचे बूट होते. शेजारच्या शेतावरून उरकिया नावाची बाई आली होती, नात्यागोत्यासकट, मुलासाठी. मुलगा धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर. कुलाश आत शिरली तेव्हा उरकिया मेंगसुलूच्या कानात बाळ्या घालत होती. मुलाच्या आईने बाळ्या घातल्या की मुलगी बांधली गेली. पुढे बोलणं नाही. कुलाशने बावरसाक चटईवर ठेवले, आणि पाहुण्यांनी ते आपल्यासाठीच आणलेत असं समजून आवडीने खाल्ले.

दुसरी बाळी घालायला उरकियाने मुलीचे केस वर केले, आणि तिचा हात थांबला.

"हे काय?"

"तीळ आहे," जामाल म्हणाली. "जन्माचा. म्हणून तर नाव—"

"नावात आहे ना? मग मानेवर कशाला परत लिहून ठेवायचा?" उरकियाने तो नखाने खरवडला. "ऐकलंय मी, हिच्या तोंडावर काय काय होतं ते. सगळं उपटलं आणि हा एक ठेवला? पुढच्या पेरणीला बी म्हणून?"

बायका हसल्या. आपल्याकडे बायका चांगलं बोललं की हसत नाहीत, टोचलं की हसतात.

"सोहळ्याच्या दिवशी तोंडावरचा पडदा उघडला की आमच्या एकेका माणसासमोर हिला मान वाकवायची आहे," उरकिया म्हणाली. "मान वाकली की सगळ्यांना हाच दिसणार. काढून टाका. नाहीतर या बाळ्या दुसऱ्या कुणा मुलीलाही शोभतील."

संध्याकाळी जामाल मुलीला घेऊन गोठ्यात आली. दोसानने दिवा जवळ घेतला. बावरसाकची हकीगत त्याला कळली होती. चेहरा दगडासारखा होता. पण तीळ बघून तो वेगळाच झाला. हिवाळ्यात त्याने सरळ काठाचा, तपकिरी तीळ पाहिला होता. आता काठ वाकडातिकडा झाला होता, एका बाजूला डांबरासारखा काळा, आणि उरकियाच्या नखाने त्यातून रक्त आलं होतं.

"हे माझं काम नाही," तो म्हणाला. "कुलाशताईला बोलवा."

कुलाश आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली. खाज येते का? येते. वाढलाय का? वाढलाय बहुतेक. "याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "काडी नाही, केस नाही, काही नाही. मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे मुळासकट कापून, तपासून बघतील."

"लग्न तोंडावर आलंय आणि मी हिला कापायला नेऊ?" जामाल म्हणाली. मग तिचे डोळे बारीक झाले. ती दोसानकडे वळली. "कळतं हो मला. बावरसाक कुणासाठी तळले होते तेही कळलंय. डाग राहू द्यायचाय तुम्हा दोघांना. लग्न मोडलं की डागी माल तुझ्या पदरात."

"काकू, तसं नाही."

"मग काढ."

दुसऱ्या दिवशी सगळ्या शेताला माहीत झालं. दुकानासमोर कुणी विचारलं, "काय दोसान, कालवड दुसऱ्याने नेली म्हणून खूण ठेवतोस का तिच्यावर?" दुसरा म्हणाला, "अरे, याला सवय नाही बिचाऱ्याला. आजवर याची कुठलीच बायको लग्न करून गेली नव्हती." डायरेक्टरांनी सुद्धा गुळगुळीत मानेवरून हात फिरवत सांगितलं, "मन मोठं ठेवावं माणसाने."

कुलाश दोनदा येऊन बजावून गेली. तिच्यापुढे दोसानने होय म्हणून मान हलवली. एवढ्या सगळ्यांत खरं बोलणारी ती एकटी, आणि तिलाच लोक म्हणत होते की ती दलालीसाठी बोलतेय.

मग मेंगसुलू एकटीच आली. केस वर बांधलेले, कानात बाळ्या.

"लोक म्हणतात तू जळतोस."

दोसान भांड्याच्या झाकणाशी काहीतरी करत राहिला.

"खरं का ते?"

खरं होतं. आणि तीळ वाईट होता, हेही खरं होतं. दोन्ही खरं एकाच वेळी. पण एक सांगायला गेलं की दुसरं ऐकू येणार. दोसानने आयुष्यभर लोकांची मनगटं धरली होती. त्याला एकदाच, या मुलीसमोर, स्वच्छ हाताचा माणूस व्हायचं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग काढ ना."

तिने मान पुढे केली. दोसानने काडीला कापूस गुंडाळला, बुडवला, टेकवला. अर्धा नाही, अख्खा बिस्मिल्ला म्हणाला. मग पुन्हा एकदा.

"घरमालक गेला," ती म्हणाली. दुखलं होतं, तरी हसत होती. "आता मला हाक काय मारशील?"

दोसानने काहीच हाक मारली नाही.

सोहळा थाटात झाला. गवयाने तंतुवाद्य छेडत सासरच्या एकेका माणसाचं नाव घेतलं, आणि मेंगसुलू एकेकासमोर वाकली. प्रत्येक वेळी मान दिसली, आणि मानेवर फक्त नव्या कातडीचा गुलाबी ठिपका. उरकियाने सगळ्यांसमोर तिचा मुका घेतला. जेवणात दोसानला मानाचं हाड वाढलं, भरगच्च मांसाचं, पहिल्यांदाच. आणि निघताना डायरेक्टरांनी त्याचा हात धरला. मनगट नाही, हात. दोन्ही हातांनी.

"माणूस आहेस तू, दोसान," ते म्हणाले.

दोसान तो हात अंगापासून जरा लांब, तळवा वर करून धरत घरी गेला, जसं काही त्यात काठोकाठ दूध होतं.

"मग झालं की," अस्खात म्हणाला. "लग्न झालं, हाड मिळालं. मांस बघा रे शिजलं का."

नाही शिजलं. बस.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात उरकियाच्या माणसांनी ट्रकमधून मेंगसुलूला आणून आईच्या दारात उतरवलं. तिच्यासोबत तिची गादी आणि रजई उतरवली. उरकिया खाली उतरलीसुद्धा नाही. खिडकीतून म्हणाली, "फुटकं भांडं दिलंत. बाहेरून कल्हई होती, म्हणून कळलं नाही." बाळ्या तिने काढून घेतल्या होत्या.

तो डाग जुन्या जागी परत आला होता, काळा, ओला. आणि त्याच्या खाली मानेत गाठी, आधी वाटाण्यासारख्या, मग अक्रोडासारख्या. तिला दम लागायचा. चार पावलं चालली की बसायची.

शेतावर जे कुजबुजले ते आता मोठ्याने बोलले. "दोसानने जाळलं आणि आत ढकललं." "तेव्हा कुलाश सांगत होती ना?" "मुद्दामच केलं असेल." जे काढ म्हणत होते तेच आता कशाला काढला म्हणत होते. डायरेक्टरांनी पुन्हा मनगट पुढे करायला सुरुवात केली.

कुलाशने तिची मान चाचपली, पाठीला कान लावला, आणि सरळ दोसानकडे आली.

"आज न्यायला हवं. वारा सुटलाय, उद्यापासून रस्ता बंद होईल आणि मग वसंतापर्यंत उघडणार नाही. ट्रक सगळे चाऱ्याला गेलेत. दवाखान्याची गाडी ठोकळ्यांवर उभी आहे. तुझीच मोटारसायकल आहे."

"बसवतो साइडकारमध्ये," दोसान म्हणाला. "गुंडाळून आणा तिला."

तेवढ्यात डायरेक्टर आले. त्यांच्या मानेवर, जुन्या जागी, एक नवीन चामखीळ उगवली होती. ती ते खाजवत होते.

"भांड्यातलं द्रव्य तळाला गेलंय, ठाऊक आहे ना? रस्ता बंद झाला तर सगळ्या कांड्या मरतील. आधीच्या माणसाचं काय झालं ते विसरलास? साइडकारमध्ये आज भांडं जाईल. तिचं काय, तिला रस्ता उघडला की ने. एवढ्याने काय बिघडतंय?"

साइडकारमध्ये जागा एकच होती.

आता इथे बघा, मित्रांनो, माणसाचं पाणी कळतं. दोसानने डायरेक्टरांकडे पाहिलं. मग भांड्याकडे. मग त्याने ते भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि बर्फात फेकून दिलं! "तुमचे वळू तुम्ही उबवा," म्हणाला. साइडकारमध्ये गवत पसरलं, मेंगसुलूला कोटात गुंडाळून बसवलं, पट्टा बांधला आणि किक मारली. वादळ मागे लागलं. पुढे जाऊन बघतो तर लांडग्यांचा अख्खा कळप! कोट झाडला तर त्यात नायट्रोजनची छोटी बाटली निघाली, तीच त्याने म्होरक्यावर ओतली, आणि लांडगा उडी मारता मारता हवेतच गोठला! दात विचकलेला, पुढचे पाय वर. वसंतापर्यंत तसाच रस्त्याकडेला उभा होता, लोक त्याला टोपी अडकवायचे—

अस्खात हसून हसून चटईवर आडवा झाला. "टोपी! अरे देवा, टोपी!"

—आणि पोचले ते. पोचले म्हणजे पोचले. मोठ्या डॉक्टरांनी गाठी कापून काढल्या, मुळासकट. म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर गेली असती. उन्हाळ्यात ती चालत गोठ्यात आली, दोसानच्या बुटावर पाय मारला आणि म्हणाली, आता तरी हाक मार. आज ती शहरात आहे, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत कुंड्या आहेत, नातवंडं आहेत. मानेवर एवढा मोठा व्रण आहे, ती रुमाल बांधते, आणि दर हिवाळ्यात—

"खोटं."

आवाज दाराकडून आला. म्हातारबाबा बोलले होते. संध्याकाळपासून त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

अस्खात डोळे पुसत उठून बसला. "पकडलं बघा बाबांनी! लांडगा ना, बाबा? मला वाटलंच!"

"बरं, बरं," मी चाचरलो. "कळप नसेल. एकच असेल. लहानसा."

"लांडगा असू दे," म्हातारबाबा म्हणाले. त्यांनी वाडगं खाली ठेवलं आणि कुणी पुन्हा चहा ओतू नये म्हणून त्यावर तळवा झाकला. "चिमणी असू दे, कोंबडी असू दे. साइडकारमध्ये ती नव्हती. भांडं होतं. पट्टा मी बांधला होता."